जाळीच्या कपाटातला राउटर

वस्तू हातात आली की आमचे घरमालक आधी तिचा वास घेत. भाजी, साबण, औषधाची बाटली, लग्नपत्रिका, काहीही. खोली बघायला मी भिसेगावात त्यांच्या दारात पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा माझं ओळखपत्र त्यांनी नाकाजवळ नेलं. मग चष्मा लावून वाचलं. मग उलटं करून मागची कोरी बाजूही तेवढाच वेळ बघितली.

"पत्रकार," ते म्हणाले. "बरं. पन हितं राहन्यात तुमचं काय?"

मी सांगितलं की कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या बातम्या पाठवायच्या आहेत, स्टेशन जवळ पडतं आणि खोलीला बाहेरून वेगळा जिना आहे.

"ते झालं. भिसेगावात खोल्या काय कमी हायेत? हीच का?"

"बाकीच्यांनी पत्रकार म्हटल्यावर नाही म्हटलं."

ते खरं होतं. त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "मंग ठीक. कारन हाय," म्हणाले, आणि किल्ली दिली.

'ह्यात तुमचं काय?' हा त्यांचा प्रश्न होता. तो ते सगळ्यांना विचारत. मोफत आरोग्य शिबिराचं निमंत्रण घेऊन आलेल्या कार्यकर्त्याला विचारला, गॅसची नळी बदला म्हणणाऱ्याला विचारला. एकदा डॉक्टरांनी त्यांना तपासून 'तुम्ही अगदी ठणठणीत आहात' असं सांगितलं, तर त्यांनाही विचारला. माझी एखादी बातमी छापून आली की सकाळी जिन्याखालून हाक येई: "पत्रकार, ही तुमाला कुनी दिली? त्याचं ह्यात काय?" हा प्रश्न माझ्या संपादकांनी मला कधी इतक्या नेमाने विचारला नाही.

ही सवय त्यांना नोकरीत लागली होती. त्यांचं मूळ गाव कडाव. तिथल्या दूध संस्थेत ते आयुष्यभर दूध तपासायला होते. पहाटे रांगेतल्या प्रत्येक कॅनचं झाकण उघडायचं, नाक आत घालून वास घ्यायचा, पळीने तळापासून ढवळायचं आणि मगच नमुना काढून त्यात काचेचा काटा सोडायचा. दुधात पाणी असेल तर काटा खोल जातो. खोल गेला की कॅन परत. कडावात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे, 'टेस्टर' म्हणत. निवृत्त होऊन ते भिसेगावात घर बांधून आले, तर ते नावही मागोमाग आलं.

घरात मालकीणबाई, मुलगा, सून आणि बालवाडीत जाणारी नात. मुलगा खालापूरकडच्या एका कारखान्यात पाळीवर जाई. सून खोपोलीची, पदवीधर. ऐरोलीतल्या एका कंपनीचं विम्याचं काम ती घराच्या मागच्या खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून करत असे. दुपारी मी जिना उतरताना तिचा आवाज ऐकू यायचा. घरात ती फारसं बोलत नसे. कामात मात्र तासन्‌तास बोलायची.

आणि पुढच्या खोलीत, दाराच्या वर, एका खिळ्याला राउटर लटकलेला होता. तो जुना होता. आधी त्याचा हिरवा दिवा अधूनमधून लाल व्हायला लागला. मग एका दुपारी विजेचा दाब एकदम वाढला, पंखा पिसाटासारखा फिरला आणि राउटर कायमचा विझला.

टेस्टरांनी तो खिळ्यावरून काढला, वास घेतला आणि निकाल दिला: "जळकट. कुनीतरी हात लावलाय."

"अवो, वीज जास्त आली," मालकीणबाई म्हणाल्या. "मिक्सरपन गेला असता."

"मिक्सर गेला का?"

"नाय."

"मंग?"

संशयितांमध्ये केबलवाला होता, भिंतीपलीकडचा दिवसभर गेम खेळणारा कॉलेजचा मुलगा होता आणि मी होतो. नेट मंद झालं की पहिला संशय माझ्यावर यायचा, हे मला ठाऊक होतं. पासवर्ड ते मधूनमधून बदलत आणि कोणालाच सांगत नसत. सुनेच्या लॅपटॉपमध्येही तो ते स्वतः, एका बोटाने, टाकून देत. आणि तेवढा वेळ तिला भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागे.

या खेपेला मात्र प्रकरण गमतीचं नव्हतं. सुनेला घरून काम करायची परवानगी एका अटीवर होती: लाइन तुटता कामा नये. जुना राउटर लाल व्हायला लागल्यापासून ती बऱ्याचदा तुटली होती. तिच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं की महिनाअखेरपर्यंत लाइन सुधारा, नाहीतर रोज ऑफिसला या. लहान मुलीला टाकून कर्जतहून रोज ऐरोली जमणारं नव्हतं. मुलाच्या एका मित्राची ऐरोलीजवळ, घणसोलीत खोली रिकामी होती. म्हणजे नेट नीट झालं नाही तर मुलगा, सून आणि नात घणसोलीला, आणि भिसेगावच्या घरात दोघं म्हातारी माणसं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, जेवताना बोललं जात होतं. मालकीणबाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "नेट गेलं तर सून जाईल, सून गेली तर नात जाईल. मंग आमी दोघं काय, एकमेकांना तपासत बसू."

तोवर सून मोबाइलच्या नेटवर काम करत होती. मागच्या खोलीत मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून ती माझ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची. मी वर-खाली करताना ती पाय आवरून घेई आणि समोरच्या माणसाला म्हणत राही, "माझा आवाज येतोय का? आता येतोय का?"

केबलवाला स्वतःहून आला. "टेस्टर, कशाला काळजी करता? वर्षभराचं पॅक घ्या, राउटर आमच्याकडनं फुकट."

"फुकट? ह्यात तुमचं काय?"

"काय नाय वो. सेवा."

तो शब्द त्याने वापरायला नको होता. तो गेल्यावर टेस्टर माझ्याकडे वळले. "सेवा म्हनला. सरळ सांगितलं असतं की दोन पैसे सुटतात, तर घेतला असता."

मग आम्ही कर्जतच्या बाजारात गेलो. मला त्यांनी साक्षीदार म्हणून नेलं होतं. हे त्यांनीच सांगितलं. दुकानदाराने काउंटरवर तीन राउटर मांडले. टेस्टरांनी पहिल्या खोक्याचं झाकण उघडलं आणि नाक आत घातलं.

"काका, राउटर हाय तो, पेढं नायत," दुकानदार म्हणाला. दुकानातली दोन माणसं हसली.

टेस्टर हसले नाहीत. त्यांनी तिन्ही राउटर एकेक करून तळहातावर तोलले. एक बाजूला सारला. "हा हलका."

"हलकाच असतो तो. नवीन मॉडेल."

"नवीन झालं म्हंजे आतलं कमी केलं काय?" मग चार अँटेना असलेल्या राउटरकडे बोट दाखवलं. "ह्याला चार शिंगं कशाला? जनावराला दोन पुरतात."

"रेंज वाढते काका. लांबपर्यंत जातं."

"कुनाकडं?"

"म्हंजे?"

"लांबपर्यंत म्हंजे कुनाकडं? माझं घर हाय तेवढंच हाय. पुढं शेजाऱ्याचं लागतं."

शेवटी त्यांनी दोन अँटेनांचा, हाताला जड लागणारा राउटर निवडला. दुकानदार म्हणाला, हा एकदम बेस्ट आहे, डोळे झाकून घ्या. त्या वाक्यामुळे खरेदी मोडता मोडता राहिली.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला की तो ठेवायचा कुठे. मुलगा म्हणाला, जुन्याच खिळ्याला. टेस्टर म्हणाले, जुना तिथंच नासला. 'नासला' हाच शब्द त्यांनी वापरला. उघड्यावर होता, येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागत होता, म्हणून नासला. नवा नासू द्यायचा नसेल तर त्याची जागा त्यांच्या दृष्टीने एकच होती.

स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांचं जाळीचं कपाट होतं. कडावहून आणलेलं. लोखंडी सांगाडा, पाठीला पत्रा आणि उरलेल्या सगळ्या बाजूंनी बारीक लोखंडी जाळी. दाराला कडी, कडीला कुलूप, किल्ली टेस्टरांच्या गळ्यातल्या गोफाला, जानव्याला असावी तशी. दूध, साय, लोणी, घराला जपून ठेवण्यासारखं जे काही वाटे, ते या कपाटात जाई. सुनेच्या आणि मालकीणबाईंच्या अंगावरचे दागिने सोडले तर मौल्यवान सगळं तिथंच होतं, असं म्हणता येईल. केबलवाल्याला बोलावून तार तिथपर्यंत ओढून घेतली, जाळीच्या कोपऱ्यातून आत घातली आणि राउटर सायीच्या भांड्याच्या वरच्या फळीवर बसला. कुलूप लागलं.

"जाळीतनं हवा खेळते," टेस्टरांनी मला समजावून सांगितलं. "गरम व्हायचा नाय. मांजर जात नाय, मानसाचा हात जात नाय."

हिरवे दिवे जाळीमागे लुकलुकत होते. कपाटासमोर उभं राहिलं तर मोबाइलवर वायफायच्या दोन रेघा दिसत. पुढच्या खोलीत एक. मागच्या खोलीत, जिथे सुनेचं टेबल होतं, तिथे काहीच नाही. ती पुन्हा माझ्या जिन्यावर आली.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "कपाटाबाहेर काढून बघा. लोखंडाच्या जाळीतून वायफाय नीट जात नाही."

टेस्टरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "हवा जाते, तर नेट का जानार नाय?" आणि थोडं थांबून, "तुमाला बाहेर का पायजे? वर तुमच्या खोलीत येतंय का बगायला?"

त्यानंतर मी त्या विषयावर बोललो नाही.

ते राउटर घेऊन पुन्हा दुकानात गेले, मी सोबत होतो. दुकानदाराने काउंटरवर जोडून दाखवला. सगळ्या रेघा भरलेल्या.

"तुमच्या काउंटरवर चालनारच," टेस्टर म्हणाले. "माझ्या घरी चालंल तवा बोला."

"घरी कुठं ठेवलाय?"

"जाळीच्या कपाटात."

दुकानदाराने हसू दाबलं. "काका, बाहेर काढा. शंभर टक्के चालेल. माझी गॅरंटी."

घरी येताना टेस्टर गंभीर होते. "बगितलंत? इचारल्याबरोबर बाहेर काढा म्हनला. त्याला बाहेर का पायजे?"

"का पाहिजे असेल?"

"बाहेर ऱ्हायला की जळनार. जळला की परत त्याच्याच दारात." त्यांनी राउटरचं खोकं दुसऱ्या काखेत घेतलं. "आन वर गॅरंटी देतोय. चांगल्या दुधाची कुनी गॅरंटी देतं का? नुसतं कॅन पुढं सरकवतं."

त्यांचा तर्क आतून सलग होता. अडचण एवढीच की ज्याला-ज्याला खरं कारण माहीत होतं, तो-तो ते खात्रीने सांगत होता. आणि खात्रीने बोलणारा माणूस म्हणजे विकणारा माणूस, हे टेस्टर आयुष्यभर पहाटे पहाटे शिकले होते.

दुसरा राउटर मुलाने खोपोलीहून आणला, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं अशा दुकानातून. तोही कपाटात गेला, त्याचंही तेच झालं. मग टेस्टरांनी नमुने घ्यायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ, धारा काढायच्या वेळेला, ते मुलाचा मोबाइल पुढे धरून घरभर फिरत. प्रत्येक खोलीच्या मध्यभागी उभे राहात, मग कोपऱ्यात जात. नात पाठीमागून त्यांचा सदरा धरून फिरे. निष्कर्ष असा निघाला: कपाटापाशी दाट, पुढे पातळ, मागे नुसतं पाणी.

"माल वरवर हाय," ते म्हणाले. "ढवळलेला नाय." आणि त्यांनी कपाट उघडून राउटर हळूच उलटा-सुलटा केला. हे मी स्वतः पाहिलं.

त्याच दिवसांत मालकीणबाईंनी मला त्यांच्या दिराची गोष्ट सांगितली. मी ताक आणायला खाली गेलो होतो आणि भिंतीवरच्या मुलाच्या लग्नाच्या फोटोत टेस्टरांच्या बाजूचं कोणी दिसत नाही, असं सहज बोललो होतो.

टेस्टरांचा थोरला भाऊ कडावातच असे. एकत्र घर, एकत्र गोठा. एका पहाटे भावाच्या कॅनमध्ये काटा खोल गेला. रांग उभी होती. टेस्टरांनी पुन्हा ढवळलं, पुन्हा काटा सोडला, पुन्हा खोल. भाऊ म्हणाला, अरे, धारा तुझ्या वहिनीने काढल्या, कॅन पोराने धुतला, मी फक्त उचलून आणलाय. टेस्टरांनी रांगेसमोर त्यालाही विचारलं, "ह्यात तुजं काय?" भावाने झाकण लावलं. कॅन उचलला आणि गेला. चूल वेगळी झाली. टेस्टरांनी भिसेगावात घर बांधलं, त्या वास्तुशांतीला भाऊ आला नाही. टेस्टरांच्या मुलाच्या लग्नालाही आला नाही.

"पानी होतं का खरंच?" मी विचारलं.

"पानी होतं," मालकीणबाई म्हणाल्या. "त्यात ह्यांचं चुकलं नाय. पन पानी कुनाचं होतं ते आजपत्तोर कुनाला ठावं नाय." मग आत बघून त्यांनी आवाज खाली आणला. "कपाट उघडा म्हनते मी रोज. तर मला इचारतात, ह्यात तुजं काय. म्हनलं, माजं? माजी नात हाय ह्यात!"

महिना संपत आला. सुट्टीच्या दिवशी मुलगा घणसोलीची खोली बघून आला. खोली बरी आहे, पाणी दोन वेळ येतं, समोर बालवाडी आहे, असं त्याने जेवताना सांगितलं. टेस्टरांनी विचारलं, "पानी दोन वेळ कोन म्हनलं? खोलीवाला का शेजारी?" सून नातीला भरवत होती. ती खाली मान घालून भरवत राहिली.

त्यानंतर एका संध्याकाळी मी चहाला खाली होतो. टेस्टर कपाटासमोर स्टुलावर बसले होते. हल्ली ते तिथेच बसत. सून लॅपटॉप बंद करून स्वयंपाकघरात आली, पदर खोचला आणि दारातच उभी राहिली.

"बाबा, मला एक संशय आहे."

टेस्टरांनी बशी खाली ठेवली. त्या घरात आजवर कोणी त्यांना सल्ला दिला असेल, विनवणी केली असेल, भांडणही केलं असेल. संशय घेऊन त्यांच्याकडे कोणी आलं नव्हतं.

"कुनाचा?"

"कपाटाचा."

"कपाटाचा?"

"तुम्ही केबलवाल्याला तपासलं. दोन दुकानदार तपासले. ह्यांना तपासलं." तिने माझ्याकडे बोट केलं. "शेजारचा मुलगा तपासला. कपाट घरातलं, म्हणून त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही. मला काही खात्री नाही. नुसता संशय आहे."

टेस्टर वळून कपाटाकडे बघत राहिले. जाळीमागे हिरवे दिवे लुकलुकत होते. मग त्यांनी गोफाची किल्ली काढली.

"तू मोबाइल घेऊन मागं जा. मी दार उघडतो, लावतो. काय दिसतं ते सांग."

ती गेली. त्यांनी दार सताड उघडलं. "आता?"

"आलं!" मागून आवाज आला.

दार लावलं. "आता?"

"गेलं!"

असं बऱ्याच वेळा झालं. नात टाळ्या पिटायला लागली. मी समजलो, झालं. पण टेस्टरांचं समाधान झालं नव्हतं. दार कधी उघडतंय आणि कधी लागतंय, हे उत्तर देणाऱ्याला आधीच कळत असेल तर ती तपासणी नव्हे. त्यांनी मालकीणबाईंना कपाटापाशी उभं केलं. "मी मागं जातो. तू तुज्या मनानं उघड, तुज्या मनानं लाव. तोंडातनं अक्षर काढू नको." ते स्वतः मोबाइल घेऊन मागच्या खोलीत गेले आणि तिथून ओरडून सांगू लागले, "आता उघडलंस! आता लावलंस! अजून लावलेलंच हाय! आता उघडलंस!" मालकीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि दार हलवत होत्या. एकदाही चुकलं नाही.

टेस्टर परत आले. कपाटाच्या जाळीवर त्यांनी तळवा ठेवला.

"चोर घरातलाच," ते म्हणाले.

राउटर त्याच संध्याकाळी जुन्या जागी, पण खिळ्याऐवजी छताजवळच्या एका फळीवर गेला, जिथे शिडीशिवाय हात पोचत नाही. शिडीला साखळी आणि कुलूप लागलं. मागच्या खोलीत सगळ्या रेघा भरून आल्या. महिनाअखेर गेली, पुढचा आठवडाही विनातक्रार गेला. मुलाने घणसोलीच्या मित्राला खोली नको म्हणून कळवलं. मालकीणबाईंनी घावन केले आणि मला वर आणून दिले. माझ्या जिन्याची वरची पायरी रिकामी झाली.

इथे हे थांबायला हवं होतं. पण एखादी गोष्ट सुरळीत झाली की टेस्टरांच्या डोक्यात नवीन काम सुरू व्हायचं.

एका दुपारी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. ते वर सहसा येत नसत. खुर्चीवर बसले. टेबलावरची कागदं, पेन, पाण्याची बाटली, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली. कशालाही हात लावला नाही.

"पत्रकार, कपाटाचं तुमाला कवा कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. दुकानदाराला?"

"त्याला ऐकल्याबरोबर."

"बरोबर." खालच्या खोलीतून सुनेचा कामाचा आवाज येत होता, स्पष्ट, न तुटता. "ती दिवसभर त्याच यंत्रावर असते. शिकलेली. मंग तिला कवा कळलं असंल?"

प्रश्न मलाही पडला होता.

"दोन राउटर झाले," ते म्हणाले. "पोरगा खोली बगून आला. बालवाडी समोर हाय म्हनला. तवर ती बोलली नाय. कपाटासमोरनं रोज ये-जा करत होती, बोलली नाय. आन मग एक दिस येऊन म्हनते, संशय हाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मधी काय झालं?"

"तुम्ही ऐकलं नसतं. आम्हा कोणाचं ऐकलं नव्हतंत. तुम्हाला कसं सांगायचं हे तिला उशिरा सुचलं असेल."

"तेपन असंल."

"दुसरं काय असणार?"

"तिला जायचं असंल," टेस्टर म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या कॅनचा आकडा सांगावा तसं ते बोलले. "घनसोलीला. आपली खोली, आपला संसार. भित्तीकडं तोंड करून उभं करनारा कुनी नाय. कपाट आपसूक काम करत होतं, तिनं नुसतं गप ऱ्हायचं होतं. ऱ्हायली. आन मग तिचं मन फिरलं. कशानं फिरलं, तेच कळत नाय."

"विचारा तिला," मी म्हणालो. माझ्या धंद्यात दुसरा सल्ला नसतो.

"इचारलं तर सांगंल. खोटं बोलनारी नाय ती." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "काटा पानी दाखवतो, पत्रकार. हात दाखवत नाय. हात बगायला इचारावं लागतं. आन म्या एकदा इचारलंय."

ते उठले. दारात थांबले. मला वाटलं, अजून काही बोलतील. पण तेवढ्यात खालून सुनेची हाक आली, "बाबा, चहा झालाय, येताय ना?" आणि ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागले.

मी खोलीच्या दारातून बघत होतो. वरून त्यांच्या घराचं मागचं दार दिसायचं. सून कपबशी घेऊन उंबऱ्यात उभी होती. हेडफोन गळ्यात होता. त्यांनी तिच्या हातून कप घेतला. एवढ्या दिवसांच्या सरावाने मी कप नाकाशी जायची वाट पाहिली. तो गेला नाही, सरळ ओठांना लागला. डोळे मात्र कपावरून तिच्याकडे लागलेले होते. ती आत गेली नाही. तीही तशीच उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, चहा संपेपर्यंत.